हिमाताईंचा पहिला बर्फ

हिमाताईंबरोबर मी जितके डोंगर चढले, त्यापेक्षा जास्त डोंगरांवरून अर्ध्यातून परत फिरले. फिरताना आम्हा बाकीच्यांचे चेहरे पडलेले असायचे आणि हिमाताई मात्र शाळा लवकर सुटलेल्या मुलीसारख्या पुढे चालत असायच्या. वर कुठेतरी धुक्यात शिखर असायचं, खाली ओल्या कारपार्कात आमची गाडी, आणि मधल्या पांढऱ्या, मुक्या उतारावर त्यांची लाल टोपी हलत खाली जायची. "आज नाही म्हणतो तो," एवढंच त्या सांगायच्या. 'तो' म्हणजे डोंगर, वारा की बर्फ, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या तोंडी ते तिन्ही एकाच घरातले वाटायचे.

नाव खरं हेमलता. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींत कुणीतरी हेमाताईचं हिमाताई केलं आणि त्यांनाच ते इतकं आवडलं की फोनवरही त्या तसंच सांगू लागल्या. माहेर नागपूरचं. "आमच्या इथं मे महिन्यात नळाच्या पाण्याचा चहा होऊन जाये," असं त्या गंभीर चेहऱ्याने सांगायच्या आणि नवखा माणूस ते खरं मानायचा. लग्न होऊन इंग्लंडला आल्या, इथल्या एका सरकारी शाळेत फिजिक्स शिकवायला लागल्या. पहिल्याच हिवाळ्यात वर्ग चालू असताना बाहेर बर्फ पडायला लागला. मुलं खिडकीकडे धावली. "त्यांना ओरडायला म्हणून उठली मी," ताई सांगायच्या, "आणि त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. तो तास तसाच गेला बाप्पा."

डोंगर मात्र फार उशिरा आले. त्यांचे यजमान, राजाभाऊ, कौन्सिलमध्ये इंजिनिअर होते. ते अचानक गेले. मुलगी प्रज्ञा तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. त्या हिवाळ्यात ताई शाळेच्या एका सहलीबरोबर स्कॉटलंडला गेल्या आणि परत आल्या त्या बदलूनच. मग दरवर्षी सुट्टी घेऊन केर्नगॉर्मच्या डोंगरांत जायच्या, तिथल्या शिक्षकांकडून बर्फात चालायला, बर्फात रोवायची कुऱ्हाड टेकवत उतरायला, उतार वाचायला शिकायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, बाकी सगळे तरुण. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

माझी त्यांची ओळख एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमातली. मी पुण्याहून हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट म्हणून नुकतीच आले होते. वंदना झाली, भाषणं झाली, हॉलच्या किचनमध्ये मी एकटीच ताटं पुसत उभी होते. शेजारी एक बाई येऊन दुसरं फडकं घेऊन पुसायला लागल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चालतेस का?"

"कुठे?"

"वर."

मी हो म्हटलं. त्या शहरात मला तोवर कुणी काहीच विचारलं नव्हतं.

बर्फ मला त्यांनी आधी आपल्या स्वयंपाकघरात शिकवला. ओव्हनच्या मोठ्या ट्रेला त्यांनी तुपाचा हात फिरवला. "हे ओलं गवत. डोंगरावरचं लांब गवत, सगळं खालच्या बाजूला झोपलेलं." त्यावर साबुदाणा पसरला. "हा पहिला बर्फ. कोरडा, सुटा. याची कोणाशी ओळख नाही अजून." आणि त्यावर अलगद सरकवली बेसनाच्या वडीची अख्खी थापलेली लादी. "हे वाऱ्याचं काम. वारा बर्फ उचलतो, कणांचा चुरा करतो आणि आडोशाला आणून असा घट्ट थापतो." मग त्यांनी ट्रे तिरपा केला. काही झालं नाही. अजून तिरपा केला, तरी नाही. मी हसायला लागले, तेवढ्यात त्यांनी वडीच्या मधोमध बोट दाबलं. एक तडा इकडून तिकडे गेला आणि सगळी लादी एकदम घसरून सिंकमध्ये पडली.

"बोट म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"हव. वरून येऊन कोणी ढकलत नाही. आपणच जाऊन उभं राहतो त्याच्यावर."

त्या वड्या आम्ही नंतर चमच्याने खाल्ल्या.

ऑक्टोबर संपत आला की त्यांचे फोन सुरू व्हायचे. मी डिस्पेन्सरीत लंचला बसलेले असायचे. "मेघा, वर पांढरं झालं." मी विचारायचे, "किती पडला ताई?" त्यावर त्या चिडायच्या. "किती पडला ते सोड. वारा कुठून आला ते विचार." त्यांचं म्हणणं, मोसमातला पहिला बर्फ सगळ्यात फसवा. लोकांनी उन्हाळाभर वाट बघितलेली असते, बूट पुसून दारात ठेवलेले असतात. डोंगर अर्धा तपकिरी दिसत असतो, खडक उघडे असतात, हेदरची झुडपं डोकं वर काढून असतात, म्हणून वाटतं, एवढ्याशा बर्फाने काय होणार. पण खडक उघडे असतात कारण तिथला बर्फ वाऱ्याने नेलेला असतो. नेऊन कुठल्या तरी घळीत, कुठल्या तरी कड्याच्या पाठीमागे साठवलेला असतो. "उघडं दिसतं तिथून चाल," त्या म्हणायच्या, "आणि गुळगुळीत, सुंदर दिसतं तिथं आधी थांब."

त्यांच्याबरोबर थांबणं म्हणजे खरोखर थांबणं असायचं. त्या गुडघ्यावर बसायच्या, हातमोजा काढून बर्फात बोटं घालायच्या, थर चाचपायच्या. आम्ही उभे. कधी धुकं इतकं दाट यायचं की जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघच पुसली जायची आणि आपण चालतो आहोत की तरंगतो आहोत ते कळायचं नाही. एकदा अशाच पांढऱ्यात एक पांढरा ससा आमच्यापासून हातभर अंतरावर बसलेला होता. त्याचे डोळे आणि कानांची काळी टोकं तेवढी दिसत होती. ताईंनी हात वर केला. कुणी हललं नाही. ससा केव्हा गेला ते कुणालाच दिसलं नाही. आधी कान गेले, मग डोळे गेले. ताईंनी जॅकेटच्या आतून, पोटाशी धरलेले पोळीचे रोल काढले. बॅगेत ठेवले तर दगड होतात म्हणून त्या ते अंगाशी ठेवायच्या. त्या उबदार पोळ्या आम्ही त्या धुक्यात उभ्या उभ्या खाल्ल्या. आजही मला ते खरं घडलं की स्वप्नात, असं वाटतं.

प्रज्ञा या सगळ्यात कधीच नसे. ती लंडनमध्ये ईलिंगला राहायची, सॉलिसिटर होती, फार हुशार आणि फार घाईत; इंग्लंडातच वाढल्यामुळे मराठी मोडकंतोडकं. आईच्या डोंगरांचा विषय निघाला की तो बदलायची. पण एका डिसेंबरात, ताईंच्या रिटायरमेंटनंतर, ती स्वतःहून म्हणाली, मी येते. ताईंनी मला फोन केला. "तू पण चल," म्हणाल्या. "आम्ही दोघीच असलो तर बोलायचं काय?"

तो आठवडा स्कॉटलंडात पहिल्या मोठ्या बर्फाचा होता. नैऋत्येचा वारा दोन दिवस घोंगावून थांबला होता. आम्ही निघालो तेव्हा आभाळ फिकट निळं, सगळं इतकं शांत की बुटाखालचा बर्फ दाताखाली खडीसाखर फुटावी तसा वाजत होता. आम्हाला एका वाटीसारख्या दरीच्या काठावर चढायचं होतं. दुपारच्या आत तिथल्या शेवटच्या उताराखाली पोचलो. उतार ईशान्येला तोंड करून, रुंद, दुधासारखा गुळगुळीत. त्याच्यावर ऊन नव्हतं, पण तो आतून उजळल्यासारखा दिसत होता.

ताई बसल्या. हात घातला. उठल्या.

"चला मागं."

प्रज्ञाने काठी बर्फात रोवली. "आई, तू नेहमी असाच करते. इतका लांब ड्राइव्ह करून आलो आपण. टॉप तर इथेच आहे!"

"दिसून राहिला मला."

"मग? डिड यू ईव्हन चेक? नुसता हात घातला तू."

"वारा याच उतारावर सगळं टाकून गेला. खालचा थर सुटा आहे. आज नाही."

"टेल मी वन्स, जस्ट वन्स, की तू कुठे शेवटपर्यंत गेली." प्रज्ञाचा आवाज त्या दरीत फिरून परत आला. ताईंनी टोपी नीट केली आणि उतरायला लागल्या. आम्ही त्यांच्या मागे.

परतीच्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. सकाळी आम्ही तो खाली, पुलाजवळ ओलांडला होता. आता जवळची वाट म्हणून ताई वरूनच पलीकडे जायला निघाल्या. ओढ्याचा काठ म्हणजे काही डोंगर नव्हे. आपल्या दुमजली घराएवढा उंच, वाऱ्याने भरलेला, गोल पोटाचा. ताईंनी सवयीने हात वर केला. "मी आधी जाते. पलीकडे पोचली की एकेक या."

त्या अर्ध्यात होत्या. एखादी जड गादी जमिनीवर टाकावी तसा 'धप्प' असा आवाज आला. त्यांच्या पायापासून एक रेघ निघाली आणि काठावरून पळत गेली. मग तो सगळा काठ, घाई न करता, खाली बसायला लागला. त्याच्या मोठमोठ्या फरश्या झाल्या, फरश्या एकमेकींवर चढल्या. ताई उभ्याच होत्या, एक हात वर करून, आणि उभ्या उभ्या खाली जात होत्या. मला वाटलं, त्या काहीतरी सांगत आहेत. मग लाल टोपी दिसेनाशी झाली आणि आवाज थांबला. मागे ओलं, झोपलेलं गवत उघडं पडलं होतं.

"आई!"

प्रज्ञा धावणार होती. मी तिचा दंड धरला, वर बघितलं. वर आता बर्फच उरला नव्हता. "जिथे शेवटच्या दिसल्या तिथून सरळ खाली बघ," मी ओरडले. हे मला ताईंनीच शिकवलं होतं, पण त्या वेळी ते माझ्या तोंडून कुणीतरी दुसरंच बोलतंय असं वाटलं. आम्ही घसरत खाली गेलो. ओढ्याच्या तळाशी बर्फाची ढेकळं साचली होती आणि दोन ढेकळांच्या मधून हातमोजा दिसत होता. बोटं हलत होती.

बॅगेत फावडं होतं. त्यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडे होतं, आणि प्रज्ञाने सकाळी त्याच्या वजनावरून कुरकुर केली होती. त्याच फावड्याने प्रज्ञा खणत होती, मी माझ्या फावड्याने. हलका पडलेला तो बर्फ थांबल्याबरोबर सिमेंटसारखा झाला होता. प्रज्ञा इंग्लिशमध्ये काहीतरी पुटपुटत होती, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. आधी लाल टोपी लागली, मग कपाळ. मी बोटांनी त्यांच्या नाकातोंडातला बर्फ काढला. चेहरा निळसर होता. मग त्यांनी इतका मोठा श्वास घेतला की आम्ही दोघी मागे सरलो.

डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, प्रज्ञाकडे बघितलं. म्हणाल्या, "दोघी आहात ना?"

प्रज्ञा तिथेच बसली आणि रडायला लागली.

गुडघा मोडला होता. मी वर चढून फोनला रेंज मिळवली आणि मदत मागितली. बचावपथकाची माणसं येईपर्यंत आम्ही तिघी नारिंगी कापडाच्या एका मोठ्या पिशवीत शिरून बसलो. ताईंनीच ती नेहमी बरोबर ठेवलेली. आत सगळं नारिंगी झालं होतं, आमचे चेहरे, हात, श्वासाची वाफ. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती आणि कापडावर ती पडताना कुणीतरी तांदूळ निवडत बसल्यासारखा आवाज येत होता. प्रज्ञाने आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"हा काठ मी बघितलाच नाही," ताई म्हणाल्या. "मोठ्या उताराकडे बघत राहिली. त्याला नाही म्हटलं आणि वाटलं, झालं आपलं काम. चुकलं माझं."

"आई, आता नको बोलू."

"बोलू दे. थंडी कमी वाजते."

थोड्या वेळाने प्रज्ञाच बोलली. "बाबा गेल्यावर तू प्रत्येक विंटर इथे यायची. मला वाटायचा, तू माझ्यापासून पळतो."

ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना झोप लागतेय, म्हणून मी त्यांचा हात चोळला. मग म्हणाल्या, "पळत नव्हती गं. घरात लोक येऊन बसायचे. सगळे चांगलेच. सगळे बोलायचे. मला वाटे, मी रडली की यांना बरं वाटेल, म्हणून रडायची. इथं कोणासाठी रडायचं काम नव्हतं."

"मला का नाही नेला?"

"तुला काय सांगू, मला वाटे तू रागावून राहिली. तू काही म्हटलं नाही, मी पण नाही म्हटलं."

"मी रागावलीच होती," प्रज्ञा म्हणाली. "अँड आय मिस्ड यू." मग तिने आईच्या टोपीतला बर्फ काढून बाहेर टाकला आणि टोपी पुन्हा घालून दिली. पथकाच्या माणसांच्या हाका ऐकू येईपर्यंत त्या दोघी राजाभाऊंबद्दल बोलत होत्या. ते भाजी कशी जाळायचे, गाडी पार्क करताना कसे दर वेळी खाली उतरून बघायचे. मी ऐकत होते. मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या आणि मला ते बरं वाटत होतं.

पुढच्या जयंतीला मंडळींनी ताईंना 'माझे गिर्यारोहण' यावर बोलायला सांगितलं. त्या काठी टेकत स्टेजवर गेल्या आणि त्यांनी फक्त त्या ओढ्याच्या काठाबद्दल सांगितलं. कुठे उभ्या होत्या, काय बघायला हवं होतं, काय बघितलं नाही. चहाच्या वेळी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढ्या कर्तबगार बाई. चारचौघांत हे कशाला सांगायचं?" ताईंनी ते ऐकलं. "मग काय, नुसते वर चढल्याचे फोटो दाखवू?" त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमची पोरं जातात ना बर्फात? त्यांच्यासाठी सांगितलं." ते गृहस्थ पुढच्या वर्षी आपल्या नातवंडांना घेऊन ताईंकडे साबुदाण्याचा ट्रे बघायला आले.

गुडघा काही धड झाला नाही. नॉटिंगहॅमचं घर विकून ताई ईलिंगला प्रज्ञाकडे राहायला गेल्या. हिवाळ्यात प्रज्ञा आणि मी डोंगरांत जायला लागलो. परतल्यावर ताई आम्हाला समोर बसवून सगळं विचारायच्या. बर्फ कसा होता, पायाखाली कसा वाजला, कुठे साठला होता. प्रज्ञा तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत राहायची आणि ताई डोळे मिटून तिच्याबरोबर चालत जायच्या. मध्येच म्हणायच्या, "थांब, जरा हळू सांग. दम लागला मला."

गेल्या हिवाळ्यात त्यांचं हृदय थकत चाललं होतं. प्रज्ञाचा मेसेज आला, लवकर ये. ती आमची शेवटची भेट ठरली. मी ईलिंगच्या स्टेशनवर उतरले तेव्हा बर्फ पडायला लागला होता, लंडनमध्ये पडतो तसा, जरा बिचकत. घरी पोचले तर मागचं दार सताड उघडं, दारात खुर्ची, खुर्चीत दोन शाली पांघरलेल्या ताई.

"आई, हीटिंग चालू आहे," प्रज्ञा म्हणत होती. "सगळा उष्णता बाहेर जातो."

"जाऊ दे. त्या चिमण्यांना थोडी मिळेल."

मी शेजारी बसले. त्यांचा हात हलका झाला होता, पक्ष्यासारखा. बाग अगदी छोटी. कपड्यांची दोरी, कुंड्या, शेजारच्यांची ट्रॅम्पोलिन, कोपऱ्यात शेड. एकेक गोष्ट पांढरी होत गेली. ताईंनी चहात बुडवून अर्धा टोस्ट खाल्ला. आम्ही कुणी काही महत्त्वाचं बोललो नाही. बोलता बोलताच त्यांची मान कलली आणि त्या झोपल्या.

मग बर्फ थांबला. गवतावरचा बघता बघता विरघळला, दोरीवरचा टपटप गळून गेला. शेडच्या छपरावर तेवढा राहिला होता. माझी ट्रेन होती. मी ताईंना उठवायला हात पुढे केला.

"नको उठवू," प्रज्ञा हळूच म्हणाली. "शेडवरचा बर्फ राहील अजून. उठली की दाखवतो तिला."

मी कोट घालून निघाले. वळून बघितलं तेव्हा प्रज्ञाने स्वतःसाठीही एक खुर्ची ओढली होती आणि दार उघडंच ठेवून, छपराकडे नजर लावून, ती आईच्या शेजारी बसली होती.